चौथा उद्गार

मी गाव सोडलं त्या दिवशी एस.टी. पप्पांच्या प्रार्थनेमुळे उशिरा सुटली. आपल्यात कोणी लांब निघालं की प्रार्थना करूनच उंबरा ओलांडायचा, आणि ती घरी होऊन गेली होती. पण पप्पांचं समाधान झालेलं नव्हतं. स्टँडवर गाडी लागल्यावर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पुन्हा सुरुवात केली. एका हातात पत्र्याची पेटी, दुसऱ्या हातात शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा, अशी मी डोळे मिटून उभी. त्यांनी ड्रायव्हरसाठी मागितलं, मुंबईचं पाणी मला बाधू नये म्हणून मागितलं, सेमिनरीच्या, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेच्या, शिक्षकांसाठी मागितलं. आणि शेवटी, आवाज बसलेला असूनही अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असं म्हणाले की प्रभू, माझा गळा आता थकला, यापुढं चौथा उद्गार हिच्या तोंडून आपल्या देवळात होऊ दे, आणि तो मला पहिल्या बाकावर बसून ऐकू दे.

कंडक्टर दारात घंटीची दोरी धरून उभा होता. तो म्हणाला, "काका, आमेन म्हना आता. पुढं राहुरीला मला बोलणी खावी लागत्यात."

पप्पा म्हणाले, "आमेन." मी चढले.

देवळाच्या स्मरणिकेसाठी गाव सोडून गेलेल्यांनी आपल्या गोड आठवणी लिहून पाठवाव्यात, असं कमिटीनं कळवलं आहे. गोड फारशा नाहीत. ज्या आहेत त्या लिहिते. छापायच्या की नाही ते तुम्ही ठरवा.

नव्या मुलांना, आणि पुणे, पनवेल, सुरत इकडं पांगलेल्यांच्या मुलांना माहीत नसेल म्हणून आधी सांगते. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आपल्या देवळात दुपारी बारा ते तीन उपासना असते. वधस्तंभावरून प्रभू सात वेळा बोलला, ते सात उद्गार. मंडळीचे पंच हे उद्गार सात जणांना वाटून देतात आणि प्रत्येकानं आपल्या उद्गारावर बोलायचं असतं. तिसरा आईविषयीचा, म्हणून तो बाईला द्यायची पद्धत. बाईनं तो पुलपिटाच्या, म्हणजे उपदेशाच्या उंच चौथऱ्याच्या, पायरीखाली उभं राहून बोलायचा. चौथा सगळ्यांत अवघड. देवानं मला का टाकून दिलं, असं त्यात प्रभू विचारतो. तो वर्षानुवर्षं पप्पांचा होता. पप्पा साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते, शाळा सातवीपर्यंत. पण त्यांचा चौथा ऐकायला शेजारच्या गावांतून सायकली यायच्या. ते रडवायचे नाहीत, ओरडायचे नाहीत. काट्यावर गाडी उभी राहिली की जसं नीट बघून बोलायचे, तसंच बोलायचे.

मला तेच करायचं होतं. आईला हे पटलेलं नव्हतं. तिचं म्हणणं, नर्सिंगला जा, पोटाला लागेल. माझी सेमिनरी बेलापूरच्या अलीकडं आहे असं मी सांगितलं तर तिला नवी मुंबईतलं नव्हे, आपलं श्रीरामपूरजवळचं बेलापूर वाटलं, आणि मग एवढा डबा कशाला करून घेतलास म्हणून ती माझ्यावरच चिडली.

सेमिनरी म्हटलं की लोकांना दगडी इमारत, झाडं, घंटा असं काहीतरी वाटतं. आमची सानपाड्याला भाड्याच्या इमारतीत वरच्या दोन मजल्यांवर होती. खाली टाइल्सचं दुकान. समोर सिडकोच्या अर्ध्या बांधलेल्या इमारती, त्यांच्यामागं खाडीचा चिखल आणि विजेचे मनोरे. चॅपल आणि जेवणाचा हॉल एकच, त्यामुळे सकाळच्या प्रार्थनेला कायम आदल्या रात्रीच्या फोडणीचा वास असायचा. मुलं जास्त, आम्ही मुली मोजक्या. मुलांकडं पाण्याच्या टाक्या आणि बाजार, आमच्याकडं पोळ्या. हिब्रू सगळ्यांना सारखंच यायचं नाही.

माझ्या खोलीत करुणा होती, जालन्याची. ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "मला बाई इथं येऊन काही व्हायचं नाही. माझं लग्न एका पाळकाशी ठरायलंय, त्याला शिकलेली पाहिजे. तुझं काय?" मी म्हटलं, मला पाळक व्हायचंय. ती गादी घालता घालता थांबली आणि म्हणाली, "कुठल्या मंडळीत?" मी गावाचं नाव सांगितलं. "आणि त्यांना विचारलंस का?" त्यांना विचारलं नव्हतं. ते पप्पा विचारणार होते.

पावसाळा म्हणजे ओले कपडे. चार महिने काही वाळायचं नाही. आम्ही पंख्याखाली सलवारी टांगायचो आणि त्यांच्याखाली बसून अभ्यास करायचो. पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर हिरवी बुरशी धरायची, ग्रीकचं व्याकरण फडक्यानं पुसून उघडावं लागे. रविवारी सेवेला जावं लागायचं. मुलांना बोलायला मंडळ्या मिळायच्या, आम्हाला संडे स्कूल. मला उरणजवळ मोऱ्याला एका बंदरातल्या क्लार्कच्या घरी पाठवत. तिथं त्यांच्या हॉलमध्ये पोरं जमवून मी चित्रं दाखवून गोष्टी सांगायची. एकदा परतताना पावसात जेट्टीजवळ अडकले, तर मासे विकणाऱ्या एका म्हातारीनं आपल्या ताडपत्रीखाली जागा केली. "कवरी भिजलीस गो. बस हितं. कनच्या गावची तू?" मी सांगितलं. इकडं काय करतेस, तर देवाचं शिकते. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "शिकून देव भेटतो तर आमच्या पोरांना पन घाल की त्या शालंत." मी हसले. त्या वर्षी मला अजून हसू यायचं.

ऑक्टोबरमध्ये उकाड्यात उपदेशाचा सराव सुरू व्हायचा. एकानं उभं राहून बोलायचं, बाकीच्यांनी चुका काढायच्या. डिसेंबरात आम्ही नाताळची गाणी म्हणत सोसायट्यांमधून फिरायचो. काही ठिकाणी वॉचमन आधी सेक्रेटरीला विचारून यायचा, तोवर आम्ही गेटबाहेर पेटीवाल्यासकट उभे. काही घरांतून चकली मिळायची, काही दारं उघडायचीच नाहीत. फेब्रुवारीपासून उपवासकाळ, मटण बंद, आणि मेसमध्ये रोज दुधी. पहिल्या वर्षीच्या उत्तम शुक्रवारी मला वाशीच्या एका मंडळीत बोलायला पाठवलं. तिसरा उद्गार. मी आईविषयी बोलले. नंतर दोन बायकांनी माझा हात धरून छान बोललीस म्हणून सांगितलं. मी मनात म्हटलं, हरकत नाही, चौथा आपल्या देवळात आहेच.

दुसऱ्या पावसाळ्यात पप्पांच्या घशाच्या कॅन्सरचं निदान झालं. सगळे म्हणत होते, ऊन लागलं, धूळ गेली, फार बोलतात. ते काहीच नव्हतं. पुण्याला ऑपरेशन ठरलं. सेमिनरीत सगळ्यांनी माझ्यासाठी शुक्रवारी उपास केले. मुलं, शिक्षक, करुणा, स्वयंपाकाची बाईसुद्धा, आणि ती तर आपल्यातली नव्हती. मी इतकं कळवळून त्याआधी कधी मागितलं नव्हतं आणि नंतरही नाही. बाकी काही मागत नव्हते. जगू दे असंही नाही. फक्त आवाज राहू दे.

डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं. गळ्याला श्वासाचं छिद्र राहिलं, त्यावर पप्पा पांढरा रुमाल बांधायचे. आवाज नाही. कुजबूजसुद्धा नाही.

लोक भेटायला आले तेव्हा म्हणाले की त्यांनी आपला आवाज प्रभूला वाहिला. मला राग आला. वाहिला नव्हता, कापून काढला होता. परत सानपाड्याला गेल्यावर मी प्रिन्सिपल सरांना विचारलं की एवढ्या सगळ्यांनी मागितलेलं गेलं कुठं. सर केरळचे, स्वभावानं चांगले. ते म्हणाले, "मार्था, ये बहुत बडा सवाल है. एक्झाम के बाद बैठते हैं." परीक्षा झाली. बसणं राहून गेलं.

त्यानंतर माझी प्रार्थना बंद पडली. बंद म्हणजे आतून. बाहेरून चालूच होती, कारण पाळीनं करावीच लागे. शब्द सगळे तयार होते, कुठं थांबायचं तेही माहीत होतं. उलट ती जास्त चांगली व्हायला लागली. शिक्षकांनी एकदा वर्गात सांगितलं की प्रार्थना कशी असावी ते मार्थाकडून शिका. करुणा रात्री दिवा घालवताना म्हणाली, "आज काय सुंदर केलीस गं." मी भिंतीकडं तोंड करून पडले. ज्याच्याशी बोलायचं तोच खोलीत नाही आणि बोलणं मात्र सुंदर झालं, असं ते होतं. वर्षभर ओले कपडे, पोळ्या, हिब्रू, चकल्या, दुधी, सगळं पुन्हा आलं आणि गेलं. दुसऱ्या फेरीत मला त्यात काहीच दिसलं नाही.

एक गोष्ट मात्र शिल्लक होती. चौथा उद्गार आता मला समजला होता. सरावाच्या वर्गात मी तोच घेतला. शिक्षकांनी ऐकलं आणि म्हणाले, सगळं ठीक, पण शेवटी आशा कुठं आहे? पुनरुत्थान आलं पाहिजे. मी म्हटलं, सर, ते रविवारी आहे, हा शुक्रवार आहे. वर्ग हसला. त्यांनी गुण कमी दिले. मी बदल केला नाही. ते त्यांच्यासाठी नव्हतंच.

त्या वर्षी मी उत्तम शुक्रवारासाठी गावी आले. त्याच आठवड्यात उद्गार वाटायला पंच बसले, तेव्हा पप्पा तिथं गेले आणि मला बरोबर नेलं. आपले शांतवनमामा तेव्हा पंचांचे सेक्रेटरी होते, आजही आहेत. पप्पांनी आधी स्वतःच्या छातीवर हात ठेवला, मग माझ्याकडं दाखवलं, मग चार बोटं वर केली. एकानं हळूच विचारलं की बाईला चौथा आजवर कधी दिलाय का. पप्पांनी पुन्हा चार बोटं वर केली आणि हात खाली घेईनातच. शेवटी शांतवनमामा म्हणाले, "बरं बाबा, घेऊ दे पोरीला. पण पुलपिटावर नाही. खालून बोलू दे." खालून तर खालून. पप्पा घरी येताना भराभर चालत होते, मला गाठावं लागत होतं. आईनं त्यांच्यासाठी ठेवणीतलं धोतर काढून इस्त्रीला दिलं.

तुमच्यातले बरेच त्या दिवशी देवळात होते. पत्रा तापलेला. पप्पा पहिल्या बाकावर, गळ्याला नवा रुमाल. पहिला उद्गार पाळकसाहेबांचा. ते तालुक्याहून मोटरसायकलवर आलेले, आणि त्यांना पुढच्या तीन गावांचं सगळं आपल्याच गावात सांगायचं होतं. दुसरा ज्या कंत्राटदारांनी देवळाला पंखे दिले होते त्यांना. ते पश्चात्तापी चोरावरून पंख्यांवर गेले आणि तिथंच राहिले. तिसरा मामांच्या सूनबाईंना. त्यांनी लिहून आणलेलं सावकाश वाचलं. दर वर्षी असंच होतं. पुढचे बोलतात, मागच्यांच्या वाट्याला वेळ उरत नाही, आणि तीनला तर थांबावंच लागतं, कारण प्रभूनं तीनला प्राण सोडला. मला हे माहीत होतं. पण कापतात ते सहावा, सातवा. चौथा कोणी कापत नाही.

शांतवनमामा मनगटावरच्या घड्याळाकडं बघत उठले. म्हणाले, "चौथा उद्गार तसा सगळ्यांना पाठ आहे. तो आपण प्रार्थनेत घेऊ. आपली मार्था मुंबईला शिकते, ती दोन शब्दांत साक्ष देईल. मग पाचवा."

मी पायरीखाली जाऊन उभी राहिले होते. पप्पांनी मामांकडं बघितलं. मग हाताचा पंजा उचलला आणि आपल्या बाकाच्या कडेवर आपटला. एकदाच. सगळं देऊळ दणाणलं. त्यांच्याजवळ बोलायला दुसरं काहीच नव्हतं.

"आमेन, आमेन," शांतवनमामा म्हणाले. "बघा, भाऊसुद्धा आमेन म्हणतायत."

आणि सगळ्यांनी आमेन म्हटलं. पुरुषांच्या बाजूनं, बायकांच्या बाजूनं, मागं दारात उभे असलेल्यांनीसुद्धा. मनापासून म्हटलं, हे मला माहीत आहे. पप्पांचा हात बाकावर तसाच राहिला. मी म्हटलं, देवानं मला शिकायला पाठवलं, मी त्याचे आभार मानते. आणि जाऊन बसले.

घरी आल्यावर उपास सोडायला आईनं ताटं केली. पप्पांनी घास घेतला नाही. मी म्हटलं, पप्पा, सगळं तयार आहे, इथंच म्हणून दाखवते, तुम्ही ऐका. त्यांनी मान हलवली. देवळाच्या दिशेला बोट केलं. मी पुन्हा म्हटलं. त्यांनी पुन्हा तिकडंच बोट केलं. घरात नाही, तिथं. हट्टी माणूस. आई म्हणाली, "पुढच्या वर्षी होईल की," आणि भाकरी त्यांच्या हातात दिली.

ऑगस्टमध्ये ते गेले. भर पावसात माती दिली. पाळकसाहेबांनी विधी नीट वाचला, तक्रार नाही. बायका बायकांच्या बाजूला उभ्या होत्या, त्यांत मी.

तिसरं वर्ष मी पूर्ण केलं. अर्धवट सोडायची आपल्याला सवय नाही. पदवीच्या कार्यक्रमात कोणाला कुठली मंडळी ते वाचून दाखवलं. मुलांची गावं वाचली. माझ्या नावापुढं बालसेवा आलं. करुणाचं लग्न झालेलंच होतं. मी बालसेवेला गेले नाही. नेरूळला नर्सिंगच्या मुलींच्या हॉस्टेलवर वॉर्डन म्हणून लागले, म्हणजे शेवटी आईचंच थोडं खरं झालं. तिथंच आहे. करंजाड्याला छोटा फ्लॅट आहे. मुलींची भांडणं, पाण्याची टाकी, गॅस, रात्रपाळीच्या मुलींचं जेवण, हे मला चांगलं जमतं. रविवारी मी चर्चला जात नाही. कोणाशी वैर नाही. विचारणाऱ्यांना ड्यूटी आहे म्हणून सांगते, आणि ड्यूटी असतेही. प्रार्थना पुन्हा सुरू झाली नाही. सुरुवातीला वाट बघितली. मग तीही सोडली.

या स्मरणिकेच्या निमित्तानं शांतवनमामांचा फोन आला. आवाज फार म्हातारा झालाय. आधी लेखाचं बोलले, मग म्हणाले, "मार्थाताई, एक विनंती होती." त्यांनी मला आजवर कधी ताई म्हटलं नव्हतं. म्हणाले, गावात बोलणारी माणसं राहिली नाहीत. कारखाना बंद पडला, त्याबरोबर तरणी पोरं सगळी गेली. पाळकांकडं आता सात गावं, ते पाच मिनिटं येऊन जातात. मागच्या वर्षी दोनच बोलणारे होते, उपासना एक वाजताच आटोपली आणि लोक तीनपर्यंत नुसते बसून राहिले. तुम्ही या. पुलपिटावरूनच बोला, आता कोणी काही म्हणत नाही.

मी विचारलं, "कोणता उद्गार?"

मामा म्हणाले, "कुठलाही घ्या ताई. सातही मोकळे आहेत."

मी लेख पाठवते म्हणाले आणि फोन ठेवला. त्यांना वाईट वाटेल असं काही बोलले नाही. त्या दिवशी त्यांनी घड्याळच बघितलं होतं, दुसरं काही त्यांच्या मनात नव्हतं. तेच अवघड आहे. कोणाच्याच मनात काही नव्हतं.

मी त्या दिवशी काय बोलणार होते ते लिहून टाकते. फार नव्हतं. मी म्हणणार होते की या प्रश्नाला वरून उत्तर आलं नाही. शास्त्रात शोधून बघा, उत्तराचं वाक्य नाही. आपण घाईनं रविवारकडं जातो आणि लोकांना सांगतो की उत्तर मिळालं. पण त्या दुपारी विचारणाऱ्याला काही ऐकू आलं नाही, आणि तरी त्यानं विचारलं, मोठ्यानं विचारलं. ज्यांना विचारायलाही आवाज उरला नाही त्यांच्यासाठी मी आज इथं उभी राहून विचारते. एवढंच. मग मी पप्पांकडं बघून बसणार होते.

पांगलेल्यांपैकी कोणी भेटलं की विचारतात, घराची आठवण येते का. घर म्हणजे माझ्यासाठी गाव नव्हतं, देऊळ नव्हतं. पायरीखालून मी बोलावं आणि पहिल्या बाकावर पप्पांनी ऐकावं, तेवढी दहा-पंधरा मिनिटं म्हणजे घर. ती झाली नाहीत. त्यामुळे परत यायला मला तिथं जागा नाही, आणि इथं इतकी वर्षं काढूनही मी पुरती इथली झालेली नाही. सातही उद्गार मोकळे असलेल्या देवळात पुलपिटावर चढून मी कोणाला ऐकवू?

मामा, बोलणाऱ्यांत माझं नाव घालू नका. उत्तम शुक्रवारी नर्सिंगला सुट्टी असते, मुली सगळ्या खोल्यांवर असतात, आणि त्यांना जेवण बाराला लागतं.